सरीन, मस्टर्ड गॅस आणि नंतरची वर्षं

सीरियाच्या बातम्या टीव्हीवर यायच्या तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. 21 ऑगस्ट 2013 ला घौटामध्ये सरीन हे विषारी रसायन टाकलं, मग 4 एप्रिल 2017 ला खान शेखूनमध्ये, आणि दोन्ही वेळेला तेच व्हिडिओ, जमिनीवर ओळीने झोपवलेली मुलं, तोंडाला फेस, कुणीतरी पाईपने पाणी मारतंय, आणि खाली मेलेल्यांचा आकडा. आठ दिवसांनी बातमी बंद. मला तेव्हाही वाटायचं आणि अजूनही वाटतं की आपण फक्त मेलेल्यांचा आकडा वाचतो आणि जे वाचले ते सुटले असं धरून चालतो. मी मेडिसिनची डॉक्टर आहे, विदर्भातल्या सरकारी कॉलेजमध्ये रेसिडेन्सी झाली, त्यामुळे सरीन प्रत्यक्ष कधी पाहिलं नसलं तरी त्याचं चुलत भावंड, म्हणजे फवारणीच्या औषधाची विषबाधा, मी पोत्याने पाहिलंय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, लांबेल, पण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे "विषारी वायू" म्हटलं की लोकांना वाटतं धूर आला, श्वास कोंडला, माणूस गेला. असं एकच काहीतरी नसतं. क्लोरीन, फॉस्जीन हे फुप्फुसावर जातात. सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. मस्टर्ड कातडी, डोळे, श्वासनलिका जाळतं आणि पेशींच्या आत डीएनएला जाऊन चिकटतं. आणि सरीन, टाबून, सोमान, व्हीएक्स हे नर्व्ह एजंट, म्हणजे नसा आणि स्नायू यांच्यामधला निरोपच बिघडवून टाकतात. सगळ्यांबद्दल लिहीत बसले तर पुस्तक होईल, मला दोनच घ्यायचेत, सरीन आणि मस्टर्ड.

सरीनपासून सुरू करते कारण ते आपल्याला सगळ्यात जवळचं आहे. हो, जवळचं. 1936 मध्ये जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर नावाचा केमिस्ट आयजी फार्बेन कंपनीत किडे मारायचं नवीन औषध शोधत होता, त्यातून टाबून सापडलं, आणि दोन वर्षांनी सरीन. म्हणजे हे सगळं कुटुंबच कीटकनाशकांचं आहे, ऑर्गॅनोफॉस्फरस. आपल्याकडे कपाशीवर मारतात ते मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस हे त्याच घरातले, जोर कमी, पण काम करायची पद्धत तीच. मेडिकलच्या पोरांना मी हेच सांगते, नर्व्ह एजंटचा धडा पाठ करत बसू नका, वॉर्डात जाऊन ओपी (म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस) पॉइझनिंगचा पेशंट बघा, तो धडा तिथे बेडवर आहे.

काम कसं करतं ते साध्या भाषेत सांगते. नस स्नायूला निरोप देते तो असिटिलकोलीन नावाच्या रसायनाने. निरोप पोचला की ते रसायन लगेच मोडून टाकायचं काम कोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं. दारावरची बेल दाबली आणि बोट उचललं, असं. सरीन त्या एन्झाइमला जाऊन घट्ट चिकटतं आणि मग बेल वाजतच राहते, सगळ्या शरीरात, एकाच वेळी. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. नाक, डोळे, तोंड वाहायला लागतं. छातीत श्वासनलिका आवळतात आणि वर त्यांच्यातून इतकं पाणी सुटतं की माणूस पाण्यात न जाता बुडतो, हे शब्दशः खरं आहे, स्टेथो लावला की दोन्ही बाजूंनी नुसती बुडबुड ऐकू येते. उलट्या, जुलाब, कपड्यात लघवी. नाडी मंदावते. स्नायू कातडीखाली किडे वळवळल्यासारखे फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात, त्यात श्वासाचे स्नायूही आले. मेंदूत गेलं की झटके, बेशुद्धी. हे सगळं सरीनची वाफ भरपूर असेल तर काही मिनिटांत होतं. फवारणीच्या औषधाला तास लागतात, तेवढाच वेळ डॉक्टरला मिळतो.

यावर औषध आहे. अट्रोपिन, पॅम म्हणजे प्रालिडॉक्सिम, आणि झटक्यांसाठी डायझेपाम. अट्रोपिन छातीतलं पाणी सुकवतं, नाडी वर आणतं, पण लुळ्या स्नायूंना त्याचा काही उपयोग नाही. पॅम त्या एन्झाइमवरून विष सोडवायचा प्रयत्न करतं, पण एन्झाइम आणि विषाचं नातं पक्कं व्हायच्या आत द्यायला हवं. सोमानच्या बाबतीत ही वेळ काही मिनिटांचीच असते, सरीनच्या बाबतीत काही तास. (शेतातल्या औषधांच्या विषबाधेत पॅमचा नक्की किती फायदा होतो यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत, तो वेगळा विषय.)

आमच्या कॅज्युअल्टीत पावसाळ्याच्या शेवटी शेवटी, कपाशी छातीएवढी झाली की, फवारणीचे पेशंट यायला लागायचे. "मॅडम, फवारता फवारता औषध चढलं याले, पाहा ना." कुणी ट्रॅक्टरवर, कुणी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला, अंगावर तोच ओला शर्ट, वास दारातूनच यायचा. पहिलं काम शर्ट काढणं आणि अंग साबणाने धुणं, मग टॉर्च मारून बाहुल्या बघायच्या, आणि मग अट्रोपिन. आपल्याकडची अम्प्युल 0.6 मिलिग्रॅमची. सिरीयस पेशंटला दर काही मिनिटांनी डोस डबल करत जायचा छाती कोरडी होईपर्यंत, म्हणजे हिशोब करा किती अम्प्युल लागत असतील. दोन इंटर्न नुसते अम्प्युल फोडत बसायचे, काचेने बोटं कापायची, सिस्टर ट्रेमधली रिकामी काच मोजून कागदावर लिहायच्या कारण डोस लक्षात ठेवायला डोकं पुरायचं नाही. बाहुलीकडे बघून अट्रोपिन थांबवायचं नाही, छाती ऐकून थांबवायचं, हे एका सिनियरने शिकवलं ते कायमचं लक्षात राहिलं. आणि पेशंट तिसऱ्या दिवशी बसून चहा पिताना दिसला तरी मान उचलता येते का ते बघायचं, कारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू परत लुळे पडू शकतात. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये याचं नीट वर्णन केलं. ज्याला उशीवरून डोकं वर करता येत नाही त्याला वॉर्डात न ठेवता व्हेंटिलेटरच्या जवळ न्यायचं.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, एका सीझनमध्ये वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो ॲडमिट झाले. पाठीवर पंप, डोक्यापेक्षा उंच कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली, तोंडाला गमछा आणि पाय उघडे. हे युद्ध नव्हतं, पण शरीराला ते कळत नाही. कोलिनएस्टरेज बंद पडलं की पडलं, ते बॉम्बमधून आलं का पंपातून, त्याने फरक पडत नाही.

आता टोकियो. 20 मार्च 1995, सोमवार, सकाळी आठच्या आसपासची ऑफिसची गर्दी. ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या माणसांनी मेट्रोच्या तीन लाईनवरच्या पाच गाड्यांत सरीनच्या पिशव्या टाकल्या आणि छत्रीच्या टोकाने फोडल्या. सगळ्या गाड्या कासुमिगासेकीकडे जाणाऱ्या, जिथे सरकारी ऑफिसं आहेत. सरीन अशुद्ध होतं, म्हणून बळी त्या मानाने कमी, तरी तेरा-चौदा माणसं गेली आणि साडेपाच हजारांच्या वर लोक बाधित झाले. स्टेशनवरून वर आलेले लोक सांगत होते की उन्हाचा दिवस असून सगळं अंधारलेलं दिसतंय. बाहुल्या इतक्या आकसल्या होत्या की प्रकाशच आत जात नव्हता.

सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल हॉस्पिटल या स्टेशनांच्या जवळ. तिथे त्या एका दिवसात 640 पेशंट आले. बरेचसे चालत, टॅक्सीने, कुणाच्या तरी गाडीतून. या हॉस्पिटलचे प्रमुख होते शिगेआकी हिनोहारा, त्यांनी दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले तेव्हा पेशंट ठेवायला जागा नाही, औषध नाही, अशी अवस्था डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून नवीन बिल्डिंग बांधताना त्यांनी कॉरिडॉरमध्ये आणि चॅपेलमध्येसुद्धा (हॉस्पिटलमधलं प्रार्थनाघर) भिंतीत ऑक्सिजनचे पॉइंट बसवून घेतले होते. लोकांना तेव्हा तो खर्च उगाच वाटला म्हणतात. 1995 च्या त्या सकाळी ते सगळे पॉइंट वापरले गेले. मला हॉस्पिटल बांधणाऱ्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

पण त्याच चॅपेलमध्ये दुसरी गोष्ट घडली. हवा खेळती नव्हती, पेशंट अंगावरच्या कपड्यांसकट आत घेतले होते, आणि कपड्यांतून सरीनची वाफ निघत राहिली. हॉस्पिटलच्या स्टाफपैकी जवळजवळ पाव लोकांना स्वतःला लक्षणं आली, आणि चॅपेलमध्ये काम करणाऱ्यांपैकी तर जवळपास निम्म्यांना. डोळे दुखणं, अंधुक दिसणं, डोकं दुखणं, मळमळ. कपडे काढणे आणि धुणे हे काम दाराबाहेर झालं पाहिजे हे जगभरच्या हॉस्पिटलांच्या प्लॅनमध्ये गेलं त्यात टोकियोच्या त्या दिवसाचा मोठा वाटा आहे.

निदान कसं झालं तेही सांगण्यासारखं आहे. सुरुवातीला हे काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, भलतंच रसायन असल्याचा निरोप आला होता. पण त्याच्या आदल्या वर्षी, 27 जून 1994 च्या रात्री, याच पंथाने मात्सुमोतो शहरात सरीन सोडलं होतं, आणि तिथल्या पेशंटवर उपचार केलेल्या शिन्शू युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी टीव्हीवर टोकियोची दृश्यं बघून ओळखलं की हे तेच, आणि स्वतःहून हॉस्पिटलला कळवलं. टोकियोत पॅम एवढ्या प्रमाणात नव्हतंच, ते नागोयाच्या बाजूने शिंकान्सेन ट्रेनने मागवलं गेलं. जपानमध्ये पॅम होतं ते कशासाठी? शेतीच्या औषधांच्या विषबाधेसाठी.

मात्सुमोतोतल्या एका घराबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. त्या रात्री पहिली तक्रार करणारा माणूस, त्याची बायको बेशुद्ध पडलेली, आणि घरात काही केमिकल सापडली म्हणून पोलीस आणि पेपरवाल्यांनी त्यालाच गुन्हेगार ठरवून टाकलं. टोकियोचा हल्ला होईपर्यंत तो डाग त्याच्यावर होता. बायको शुद्धीवर आलीच नाही. 14 वर्षं तशीच होती, 2008 मध्ये गेली. मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की पुढे काय होतं ते हे. टोकियोतलीही एक बाई 25 वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि 2020 मध्ये गेली. म्हणून वर मी तेरा-चौदा लिहिलं. 1995 चा आकडा 2020 मध्ये बदलतो.

आणि हे झाले सगळ्यात गंभीर. जे त्याच दिवशी घरी गेले त्यांच्यातल्या पुष्कळांना नंतर वर्षानुवर्षं डोळे लगेच थकणं, फोकस न होणं, डोकेदुखी, अंगात जोर नसणं, झोप न लागणं, मेट्रोत पाय ठेवायची भीती हे राहिलं. यातलं किती विषाचं आणि किती मनाला बसलेल्या धक्क्याचं हे वेगळं काढता येत नाही, आणि मला वाटतं पेशंटच्या दृष्टीने ते वेगळं काढायची गरजही नाही. त्याला त्रास होतोय ना, मग झालं.

मस्टर्ड गॅसचं सगळं उलटं आहे. नाव गॅस, पण साध्या तापमानाला ते तेलकट पातळ द्रव असतं, लसणासारखा किंवा मोहरीसारखा वास येतो म्हणून ते नाव. सरीन मिनिटांत कळतं, मस्टर्ड लागलं तर लागल्याक्षणी काहीच होत नाही. ना दुखत, ना चुरचुरत. माणूस घरी जातो, जेवतो, मुलाला मांडीवर घेतो. आणि दोन तासांपासून पुढे दिवसभरात कधीतरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागतं, पापण्या सुजून बंद होतात, कातडी लाल होते आणि मग पिवळसर पाण्याचे मोठे मोठे फोड. जिथे घाम आणि ओल असते तिथे जास्त, काखेत, जांघेत, मानेला. आवाज बसतो, खोकला सुरू होतो, श्वासनलिकेचं अस्तर सोलून निघतं. पण नुकसान मात्र पहिल्या काही मिनिटांतच होऊन गेलेलं असतं, लक्षणं यायच्या कितीतरी आधी. यावर उतारा नाही. आजही नाही. लगेच धुणं आणि मग जखमांची काळजी घेणं, एवढंच.

पहिल्यांदा ते 1917 च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनीने वापरलं. (त्याच ईप्रला दोन वर्षं आधी, एप्रिल 1915 मध्ये, क्लोरीन सोडलं तेव्हा चारच दिवसांनी भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन तिथे लढाईत उतरवली होती, मास्क नव्हते, ओलं फडकं तोंडाला.) मस्टर्डने माणसं क्लोरीनच्या मानाने कमी मरत, पण जखमी भरमसाठ होत, आणि सेनापतींना तेच हवं होतं, कारण एका जखमीला उचलायला आणि सांभाळायला चार माणसं अडकतात.

आपल्या लोकांशी याचा एक संबंध आहे जो फार कमी लोकांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून पुढे दहाएक वर्षं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला भारतीय शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. प्रश्न काय, तर भारतीय कातडीला ब्रिटिश कातडीपेक्षा जास्त इजा होते का. शेकडो शिपाई. काहींना अर्धी चड्डी आणि सुती शर्टात गॅस चेंबरमध्ये पाठवलं. भाजून हॉस्पिटलमध्ये पडले. 2007 मध्ये ब्रिटनमधली जुनी कागदपत्रं बाहेर आली तेव्हा हे लोकांना कळलं, आणि हेही कळलं की नंतर त्या शिपायांची तब्येत कशी राहिली ते कुणी पाहिलंच नाही. मस्टर्ड कॅन्सर करतं हे आता पक्कं सिद्ध आहे. जपानच्या ओकुनोशिमा बेटावर 1929 पासून मस्टर्ड बनवायचे, तिथल्या कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण पुढे जास्त सापडलं. रावळपिंडीच्या त्या शिपायांपैकी कुणी पुढे आपल्या गावी खोकत गेला असेल तर घरच्यांना वाटलं असेल टीबी आहे. कारण विचारायला कुणी आलंच नाही. मला याचा खूप राग येतो.

बारीचीही गोष्ट सांगते, कारण ती अर्धवट फिरत असते. 2 डिसेंबर 1943 ला जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले, तिथे उभ्या असलेल्या जॉन हार्वी या अमेरिकन जहाजात गुपचूप मस्टर्डचे बॉम्ब आणलेले होते. ते फुटलं, मस्टर्ड समुद्रावरच्या तेलात मिसळलं, आणि पाण्यात उड्या टाकलेल्या खलाशांच्या अंगाला ते तेल लागलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही की असं काही जहाजात होतं. म्हणून त्यांनी बुडालेल्या माणसाला करतात तेच केलं, ब्लँकेट गुंडाळलं आणि गरम चहा दिला, ते तेलकट कपडे तसेच अंगावर. 600 च्या वर सैनिक-खलाशी ॲडमिट झाले, त्यातले 83 गेले. शहरातले सामान्य लोक किती गेले ते कुणी मोजलं नाही. नंतर स्ट्युअर्ट अलेक्झांडर हे अमेरिकन डॉक्टर तपासाला आले, वरिष्ठांचा नकार असतानाही त्यांनी हे मस्टर्डच आहे असं लिहून दिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की या पेशंटच्या पांढऱ्या पेशी भयंकर कमी होतायत. मस्टर्ड अस्थिमज्जेवर जातं. भराभर वाढणाऱ्या पेशी ते आधी मारतं.

त्याच गुणामुळे येल युनिव्हर्सिटीत गुडमन आणि गिलमन यांनी बारीच्या वर्षभर आधीच, 1942 मध्ये, नायट्रोजन मस्टर्ड हे त्याचं भावंड लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशंटला दिलं होतं. गाठी विरघळल्या, परत आल्या, पेशंट गेला, पण केमोथेरपीची सुरुवात तिथून झाली. म्हणजे "बारीतून केमो निघाली" असं जे फॉरवर्ड येतं ते पूर्ण खरं नाही, बारीने त्या कामाला जोर दिला. आज आपल्याकडे स्तनाच्या कॅन्सरला सर्रास देतात ते सायक्लोफॉस्फामाइड याच घराण्यातलं. कुणी सध्या केमो घेत असेल आणि हे वाचत असेल तर कृपया घाबरू नका, डोस, प्रकार, देखरेख सगळं वेगळं असतं, आणि त्या औषधाने लाखो माणसं वाचली आहेत.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं तिथे येते. सरदश्त.

इराणच्या वायव्येला, इराकच्या सीमेजवळ, हे छोटं कुर्दी गाव आहे. इराण-इराक युद्धात सद्दाम हुसेनच्या सैन्याने 1983 पासून आघाडीवर मस्टर्ड मोठ्या प्रमाणात वापरलं, युनोची टीम 1984 मध्ये जाऊन खात्री करून आली, जखमींना व्हिएन्ना, स्टॉकहोमपर्यंत उपचाराला नेलं, जगाने बघितलं आणि फारसं काही केलं नाही. मग 28 जून 1987 ला दुपारी सरदश्तच्या भरवस्तीत मस्टर्डचे बॉम्ब टाकले. आघाडी नव्हती ती, बाजार होता, घरं होती. शंभराहून जास्त माणसं मेली आणि हजारो बाधित झाली. पुढच्या वर्षी 16 मार्चला इराकमधल्या हलाब्जात त्याहून मोठं झालं, तिथे मस्टर्डबरोबर नर्व्ह एजंटही होते, आणि लोक आधीच्या बॉम्बफेकीने तळघरात लपले होते, हे वायू हवेपेक्षा जड, ते खालीच उतरले. हजारो गेले. हलाब्जाचं नाव जगाला माहीत झालं. सरदश्तचं झालं नाही.

इराणमध्ये मिळून एक लाखाच्या आसपास माणसं रासायनिक शस्त्रांनी बाधित झाली असं धरतात, त्यातली हजारो अजून उपचार घेतायत. त्यांची फुप्फुसं जगातल्या कुठल्याही डॉक्टरने अभ्यास करावा अशी आहेत. बारीक श्वासनलिकांमध्ये वण धरतो आणि त्या आकसून बंद होत जातात, याला ब्रॉन्कियोलायटिस ऑब्लिटेरान्स म्हणतात. गंमत नाही, त्रास हा आहे की साधा छातीचा एक्सरे पुष्कळदा नॉर्मल दिसतो. पेशंट म्हणतो जिना चढवत नाही, रात्री खोकल्याने उठून बसावं लागतं, आणि फिल्ममध्ये काही नाही. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, श्वास सोडलेल्या अवस्थेत काढला की मग दिसतं, हवा आत अडकून बसलीय, बाहेर निघत नाही. दम्यासारखं वाटतं पण दम्याच्या पंपाने म्हणावा तसा आराम नाही. वर्षं जातात तसं वाढत जातं, आणि तरुण असताना ज्यांना थोडाच गॅस लागला होता, जे ॲडमिटही झाले नव्हते, अशांनाही पुढे त्रास झालेला आहे.

डोळ्यांचं तर मला आजही अंगावर येतं. काही जणांचे डोळे तेव्हा सुजले, आठ-पंधरा दिवसांत बरे झाले, माणूस कामाला लागला, लग्न, मुलं, सगळं. आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनी अचानक डोळ्यात टोचायला लागतं, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरं येतं, रक्तवाहिन्या आत चढतात. उशिराचा केराटायटिस, म्हणजे बुबुळाचा दाह. बुबुळाच्या कडेला ज्या मूळ पेशी असतात त्या हळूहळू संपत गेलेल्या असतात, त्या संपल्या की बुबुळाला नवीन कातडं येत नाही. इराणी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या पेशींचं रोपण करण्यात खूप काम केलंय, करावंच लागलं त्यांना. आणि कातडीला खाज. ऐकायला खाज किरकोळ वाटते. तीस-पस्तीस वर्षं रोज रात्री खाज म्हणजे झोप नाही, चिडचिड, घरात भांडणं, औदासीन्य.

तेहरानमध्ये एक पीस म्युझियम आहे, तिथे येणाऱ्यांना माहिती देणारे स्वयंसेवक पुष्कळसे याच युद्धात गॅस लागलेले आहेत. खोकत खोकत सांगतात. मला तिथे एकदा जायचं आहे.

आता पुढचं लवकर सांगते. रासायनिक शस्त्रांवर बंदीचा करार 1997 मध्ये लागू झाला, भारत सुरुवातीपासून त्यात आहे, आपल्याकडेही साठा होता तो जाहीर केला आणि 2009 पर्यंत पूर्ण नष्ट केला. अमेरिकेचा शेवटचा जाहीर साठा 2023 च्या जुलैमध्ये संपला. हे चांगलं झालं आणि ते चांगलं आहे असं मनापासून म्हणायला हवं. पण करारात साठा मोजतात, पेशंट मोजत नाहीत.

तसंच आपल्याकडच्या विषबाधेचं आहे. फवारणीचा पेशंट डिस्चार्ज झाला की रजिस्टरमध्ये "बरा" लिहितात आणि पुढे त्याला कुणी बोलावत नाही. रक्तातलं कोलिनएस्टरेज पूर्वपदावर यायला तीन-चार महिने लागू शकतात, कारण नवीन लाल पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात परत पंप पाठीला लावतो, तेव्हा अर्ध्या डोसनेही तो पडेल. काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनी पायाच्या नसा जातात, आधी पोटऱ्या दुखतात, मग मुंग्या, मग पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे, मुळव्याधीपासून लकव्यापर्यंत सगळ्यांची औषधं करून होतात, आणि महिन्यापूर्वीची ॲडमिशन कुणाच्या लक्षातच येत नाही.

तर तुमच्या गावात, नात्यात कुणाला फवारणीची विषबाधा होऊन गेली असेल, याच वर्षी किंवा मागच्या, तर त्याला एकदा नीट विचारा. पायात ताकद आहे का, चप्पल निसटते का, रात्री झोप लागते का, विसरायला होतं का, मन लागतं का. काही असेल तर मेडिसिनच्या ओपीडीत न्या आणि जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा, औषधाची बाटली किंवा निदान लेबलचा फोटो असेल तर तोही. डॉक्टरने स्वतःहून विचारलं नाही तर तुम्ही सांगा की फवारणीची विषबाधा झाली होती. आणि तीन-चार महिने त्याला पंपाला हात लावू देऊ नका, नुसतं औषध कालवायलासुद्धा नाही. कमेंटमध्ये कुणाला विचारायचं असेल तर विचारा, मी उत्तर देते, थोडा वेळ लागेल पण देते.